टिपऱ्यांच्या घरातला अर्धा तास

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ साली अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा जी मुले चौदा-पंधरा वर्षांची होती ती आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. शिऱ्याला बोलणी बसली की ती तेव्हा शिऱ्याच्या बाजूची असत. आज त्यांच्याच घरात एक शिऱ्या किंवा एक शलाका आहे आणि रात्री साडेअकरा वाजता बंद दाराखालून येणारा मोबाइलचा उजेड पाहत ती बाहेरच्या खोलीत ताटकळत उभी आहेत. मालिका तीच, भागही तेच. पाहणाऱ्याची जागा मात्र बदलली. एकच घर एकदा मुलाच्या आणि एकदा पालकाच्या नजरेने पाहण्याची अशी संधी आपल्या आईवडिलांना क्वचितच मिळाली होती. ती वाया घालवू नये, असे मला वाटते.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या रोजनिशीच्या घाटाच्या पुस्तकावर ही मालिका आधारलेली होती. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. घरात माणसे पाच: निवृत्त आजोबा गंगाधर ऊर्फ आबा (स्वतः प्रभावळकर), त्यांचा मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले), नात शलाका (रेश्मा नाईक) आणि नातू शिरीष, म्हणजेच शिऱ्या (विकास कदम). प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. म्हणजे आबा झाले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावन्न होते. त्याच्या सुमारे दोन दशके आधी मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेत ते चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी प्रेक्षकाने अशा रीतीने एकाच नटाला आधी संसाराने गांजलेला गृहस्थ आणि मग त्या गांजण्याकडे शांतपणे पाहणारा आजोबा होताना पाहिले. आपल्याकडच्या कौटुंबिक विनोदाचा एक मोठा कालखंड या दोन भूमिकांच्या मध्ये सामावला आहे.

मालिकेत घडत असे ते फार थोडे. दर आठवड्याला एक गोष्ट, तीही त्याच भागात पुरी होणारी. खलनायिका नाही, मालमत्तेचा वाद नाही, स्मृती गेलेला नायक नाही. कुणाचा तरी गैरसमज, कुणाची तरी हौस, पाहुणा, परीक्षा, खरेदी, आजारपण. एवढ्या भांडवलावर ती २००१ नंतरही काही वर्षे चालली. तीच वाहिनी पुढे झी मराठी या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि रोज चालणाऱ्या, कधी न संपणाऱ्या कथांचे दिवस आले. त्या कथांतही घरे आहेत, परंतु तिथे माणसे एकमेकांवर पाळत ठेवतात. टिपऱ्यांच्या घरात ती एकमेकांच्या अंगवळणी पडलेली होती.

पळस्प्यात बसून या मालिकेविषयी लिहिण्यास एक कारण आहे. पळस्पे फाट्यावर जुना मुंबई–पुणे महामार्ग आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग एकमेकांपासून वेगळे होतात. गणपतीच्या आधी दोन दिवस येथे गाड्यांच्या रांगा लागतात, आणि एरवी रात्रंदिवस कंटेनर धावत असतात. रस्त्याच्या कडेची भातखाचरे गेल्या काही वर्षांत झपाट्याने कमी झाली आणि त्या जागी गृहसंकुले उभी राहिली. या इमारतींत राहायला आलेली कुटुंबे गिरगाव-लालबागच्या खोल्यांतून आलेली आहेत, घाटावरून आलेली आहेत, कोकणातूनही आलेली आहेत. जागा मोठी मिळाली, मुलांना स्वतंत्र खोली मिळाली. नोकरी मात्र मुंबईतच राहिली. पनवेलहून हार्बर मार्गाची लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायला सुमारे ८० मिनिटे घेते. स्थानकापर्यंतची रिक्षा आणि उतरल्यावरची पायपीट त्यात धरलेली नाही. दोघेही नोकरी करत असतील तर सकाळी सातला निघालेले आईवडील रात्री आठ-साडेआठला घरी येतात. दुपारी शाळा-महाविद्यालयातून आलेला मुलगा तोपर्यंत पाच-सहा तास एकटा असतो, किंवा आजी-आजोबांसोबत असतो. या पाच-सहा तासांत घरात काय चालते, हा पालकत्वाचा खरा प्रश्न आहे. आणि आबा टिपरे त्या वेळी घरीच असत.

येथील एका संकुलातील आईने सांगितलेला अनुभव लक्षात राहण्यासारखा आहे. सुट्टीच्या दिवशी तिने जुनी आठवण म्हणून या मालिकेचा एक भाग लावला. पंधरा वर्षांचा मुलगा आधी नाइलाजाने, मग लक्ष देऊन पाहू लागला. भाग संपल्यावर त्याने एवढेच विचारले, “आई, यांच्या घरात कुणीच आपापल्या खोलीत का जात नाही?”

प्रश्न चोख होता. टिपऱ्यांचे घर म्हणजे प्रामुख्याने एक दिवाणखाना आणि जेवणाची जागा. भांडण तिथेच, समेट तिथेच, अभ्यासाचे नाटकही तिथेच. चित्रीकरणाची ती सोय असेल. पण त्या काळच्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांचा नकाशाही तसाच होता. रागावून जायला जागाच नसल्याने राग फार वेळ टिकत नसे. आज दार बंद करता येते, आणि बंद दारामागे फोन असतो. येथे पालक दोन टोकांना जातात. कुणी ते दार म्हणजे आपला अपमान समजून रोज त्यावर थापा मारतो. कुणी ‘हल्लीची मुले अशीच’ म्हणून हात टेकतो.

वस्तुतः या वयात एकांत हवासा वाटणे हे वाढीचे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा किशोरवयाचा काळ मानते. या काळात मेंदूची पुनर्रचना चालू असते. भावनांशी संबंधित भाग आधी वेग घेतात, आणि परिणामांचा विचार करणारा, आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. मित्रांचे मत घरच्या मतापेक्षा वजनदार वाटू लागते. झोपेचे घड्याळही पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक पूर्वीपेक्षा उशिरा स्रवू लागल्याने मुलाला लवकर झोप येत नाही, आणि सकाळी तो उठत नाही म्हणून आपण त्याला आळशी ठरवतो. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोपेची गरज असते. त्यात मोबाइलची भर पडली की कमी पडलेली झोप चिडचिडेपणाच्या रूपाने घरात फिरू लागते. पुष्कळशा घरांतील ‘उर्मटपणा’चा उगम या अपुऱ्या झोपेत सापडेल. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावण्याचा नियम करायचा असेल तर तो आईवडिलांच्या फोनलाही लागू असावा, नाहीतर तो टिकत नाही.

आता हसण्याकडे येऊ. विनोदी मालिकेचा आरोग्याशी संबंध काढायचा म्हटले की ‘हास्य हेच औषध’ हे वाक्य लगेच पुढे येते. ते जरा बेतानेच घ्यावे. हसल्याने मधुमेह बरा होत नाही आणि रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. परंतु हसण्याच्या अभ्यासातून एक गोष्ट मात्र चांगली पुढे आली आहे: हसणे ही मुळात सोबतीची क्रिया आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट अधिक तो इतरांच्या सोबतीत हसतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विनोदी दृश्ये पाहून खळखळून हसलेल्या माणसांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली दिसली; शरीरात स्रवणारी एन्डॉर्फिन द्रव्ये त्यामागे असावीत असा त्यांचा तर्क होता. हीच द्रव्ये माणसांतील जवळीक वाढवण्याशीही जोडली जातात. एका सोफ्यावर चार जण चार कानांत चार वेगवेगळे विनोद ऐकत बसले, तर प्रत्येकाची करमणूक होते, पण एकमेकांकडे पाहून हसण्याचा तो क्षण कुणाच्याच वाट्याला येत नाही. टिपऱ्यांचा अर्धा तास एकाच पडद्यासमोर घालवावा लागे. त्या वेळी ती नाइलाजाची गोष्ट होती. आज ती ठरवून करावी लागते.

हसण्यातही फरक असतो. आपल्या दूरचित्रवाणीवरील विनोदाचा मोठा भाग जाडेपणा, काळा रंग, टक्कल, तोतरेपणा आणि स्त्रीवेष यांवर उभा आहे. घरात अकरा-बारा वर्षांची मुलगी शेजारी बसली असताना वजनावरच्या विनोदाला वडील मनापासून हसतात. ती आपले पोट आत ओढून घेते, आणि ते कुणाच्याही लक्षात येत नाही. याच वयात शरीर झपाट्याने बदलत असते. या वयातील थट्टा अनेकांना चाळिशीतही शब्दशः आठवते. मालिका निवडताना एवढे पाहावे की हसू कुणाच्या अंगावर येते आहे: जे माणसाला बदलता येणार नाही त्यावर, की त्याच्या ढोंगावर, फजितीवर, हट्टावर? टिपऱ्यांच्या घरातले हसू बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे होते. घरातील टोमण्यांनाही हीच कसोटी लावून पाहावी.

मालिका पाहून मुले शिकतात काय, याचा सर्वांत बोलका पुरावा मराठीबाहेर आहे. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका ठरवून शिकवण्यासाठीच रचलेली होती. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांनी करमणुकीतून लोकशिक्षणाचा जो आराखडा तयार केला होता, त्याचा हा भारतीय अवतार. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, १५६ भाग, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन बोध सांगत. प्रेक्षकांची चार लाखांहून अधिक पत्रे आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी या मालिकेचा पुढे बारकाईने अभ्यास केला, आणि त्यात एक गमतीशीर गोष्ट उघड झाली. सोशिक आई भागवंतीचे पात्र लेखकांनी ‘असे राहू नये’ हे दाखवण्यासाठी उभे केले होते. पुष्कळ प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानले. अशोककुमारांचा बोध एकीकडे राहिला आणि लोकांनी आपल्या घरी आधीपासून होते तेच उचलले.

म्हणून मुलांसमोर मालिका लावून ‘बघ, काहीतरी शीक’ असे म्हणण्यात अर्थ नाही. काय उचलले जाते, हे घर ठरवते. टिपऱ्यांच्या घरातही स्वयंपाकघर हे प्रामुख्याने श्यामलाचे राज्य होते. २००१ मध्ये हे कुणाला खटकले नाही. आज भाग पाहताना मुलीला किंवा मुलाला ते खटकले, तर तो गप्पांचा उत्तम धागा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हे आकडे मुलांना ऐकवण्यापेक्षा भाग संपल्यावर वडिलांनी उठून ताटे उचलली तर अधिक लवकर कळतील.

आबांविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. पालकत्वाच्या शैलींचा अभ्यास करणाऱ्या डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात तीन प्रकार सांगितले: केवळ हुकूम सोडणारे, सगळेच चालवून घेणारे, आणि माया व शिस्त दोन्ही सांभाळून कारणे समजावणारे. तिसरा प्रकार मुलांच्या दृष्टीने सर्वांत हितकारक ठरतो, हे पुढच्या अभ्यासांतून वारंवार दिसले. परंतु ८० मिनिटे लोकलमध्ये उभे राहून आलेला बाप रात्री नऊ वाजता कारणे समजावण्याच्या स्थितीत नसतो, आणि त्याला त्यासाठी फार दोषही देता येत नाही. अशा वेळी घरात तिसरे वडीलधारे माणूस असणे मोलाचे ठरते. त्याच्यावर निकालाची जबाबदारी नसते आणि शाळेची फी भरण्याचे ओझेही नसते, त्यामुळे त्याला ऐकायला सवड असते. आजोबांना सांगितलेली गोष्ट लगेच शिक्षेत रूपांतरित होत नाही, असा विश्वास नातवाला असतो. हा विश्वास टिकवायचा तर आईवडिलांनी आजी-आजोबांना हेर म्हणून वापरू नये. ‘दिवसभर काय करत होता तो?’ ही चौकशी रोज मुलाच्या देखत झाली की आबांचे दुकान बंद झालेच म्हणून समजा.

अर्थात, सगळेच आजोबा आबा टिपरे नसतात. काही घरांत आजोबाच नातीच्या कपड्यांवर आणि येण्याजाण्यावर पहारा ठेवतात. काही घरांत ते गावी आहेत. तिथे मावशी, काका, शेजारच्या काकू, खेळाचे प्रशिक्षक यांपैकी कुणी एक माणूस मुलाला मोकळेपणाने बोलण्याजोगे असावे. पळस्प्यासारख्या नव्या वस्तीत असे माणूस आपोआप मिळत नाही. चाळीत ते गॅलरीत उभेच असे. येथे ओळख लिफ्टपुरती राहते.

आता आबांच्या रोजनिशीविषयी. दिवसभराचा गोंधळ आबा वहीत उतरवून ठेवतात, ही या मालिकेची खूण. टेक्सासमधील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींना किरकोळ विषय दिले, तर काहींना मनाला लागलेल्या प्रसंगांविषयी घटना आणि भावना दोन्ही मांडून लिहायला सांगितले. लिहिताना या दुसऱ्या गटाला वाईट वाटले, पण पुढील काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पहिल्या गटापेक्षा कमी झाल्या. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. परिणाम दर वेळी तेवढाच ठळक दिसला असे नाही, परंतु लिहिण्याने अनेकांना विचारांची गुंतागुंत सोडवायला मदत होते, हे मान्य झाले आहे. किशोरवयीन मुलाला एक वही आणून द्यावी. ती कधीही उघडून पाहू नये. दुसरी अट पहिलीपेक्षा कठीण आहे.

या मालिकेला मर्यादाही होत्या. मासिक पाळी, लैंगिक आकर्षण, शाळेतील छळ, व्यसन, नैराश्य हे विषय अशा हलक्याफुलक्या कार्यक्रमाच्या कक्षेत फारसे बसत नाहीत. अर्ध्या तासात प्रश्न सुटतो, ही विनोदी मालिकेची गरज असते. खऱ्या घरात तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास किंवा सतत चिडचिडे असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्रांना टाळत असेल, आवडत्या गोष्टींतून मन उडाले असेल, स्वतःला इजा करण्याविषयी किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ नावाची केंद्रे चालवली जातात. नजीकच्या उपजिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करावी. मूल स्वतः मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पडद्याच्या वेळेविषयी विचारणा नेहमी होते, म्हणून थोडक्यात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना कोणताही पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी. त्यापुढे मिनिटे मोजण्यापेक्षा झोप, मैदान, अभ्यास आणि घरच्यांचा सहवास यांवर पडदा गदा आणतो का, हे पाहावे. टिपऱ्यांचे दोन भाग एकत्र पाहिले तरी तास भरतो. तिथे थांबलेले बरे.

पळस्प्यातील ज्या घरातल्या मुलाने खोल्यांविषयी विचारले, त्या घरात आता शनिवारी रात्री एक भाग आईच्या पसंतीचा आणि पुढच्या शनिवारी एक मुलाच्या पसंतीचा असा करार झाला आहे. अट एकच: आपल्या पसंतीचा नसला तरी उठून जायचे नाही. मुलाने निवडली ती ‘रिप्लाय १९८८’ ही कोरियन मालिका. सोल शहरातील एका गल्लीत राहणारी पाच कुटुंबे, त्यांची दहावी-बारावीच्या वयाची मुले, आणि संध्याकाळी या घरातून त्या घरात वाट्या-ताटल्या घेऊन पळणारी तीच मुले. भाषांतराच्या ओळी वाचायला वडिलांना चष्मा लागतो. आजींना कोरियन कळत नाही आणि त्या ओळी त्या वाचतही नाहीत. परंतु शेजाऱ्यांचे भांडे रिकामे परत पाठवायचे नसते, म्हणूनच पोरे सारखी पळताहेत, हे पहिल्याच भागात त्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखले आणि नातवाला समजावून सांगितले.